आमच्या गच्चीवरून ऐकलेला नोआ-१९

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या दापोलीच्या घराची मागच्या पडवीची कौलं एकूण एक गेली, वाडीतल्या पोफळी एकमेकींवर आडव्या पडल्या आणि आजोबांनी लावलेला हापूस मुळासकट उपटून विहिरीच्या कठड्यावर येऊन टेकला. नंतर कित्येक दिवस लाईट नव्हती, त्या अंधारात बसून एकच गोष्ट डोक्यात फिरत होती की वादळ येणार हे दोन-तीन दिवस आधी कळलं म्हणून आम्ही सगळे जिवंत आहोत, आईला आणि काकांना पुढच्या स्लॅबच्या खोलीत हलवता आलं, गुरं सोडता आली, तर हे कळतं नेमकं कोणाला आणि कशावरून. इन्सॅटची चित्रं टीव्हीवर सगळेच बघतात. मी त्याच्या पुढचं शोधायला लागलो आणि शोधता शोधता पोचलो एका अशा उपग्रहापाशी ज्याचं चित्र तुम्ही स्वतःच्या गच्चीवर, स्वतःच्या अँटेनाने, कोणाला काही न विचारता थेट उतरवून घेऊ शकत होता. नोआ-१९. अमेरिकेच्या हवामान खात्याचा ध्रुवीय कक्षेतला उपग्रह. ऑगस्ट २०२५ मध्ये तो कायमचा बंद केला, आणि तेव्हापासून त्याच्याबद्दल नीट बसून लिहायचं होतं ते आज लिहितोय.

आधी ध्रुवीय म्हणजे काय ते सांगतो कारण याच्यात खूप जणांचा गोंधळ असतो. इन्सॅट-३डीएस सारखा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतो आणि पृथ्वीच्याच वेगाने फिरतो, म्हणून तो आपल्याला एका जागी टांगल्यासारखा वाटतो, दर थोड्या वेळाने तोच नकाशा, ढग कसे सरकले ते दिसतं. नोआ-१९ तसा नाही, तो साधारण ८७० किलोमीटरवरून उत्तर-दक्षिण फिरत होता, १०२ मिनिटांत पृथ्वीला एक चक्कर, दिवसाला १४ चकरा. तो एक चक्कर मारेपर्यंत खाली पृथ्वी स्वतः २५ अंश आणि थोडी वर पूर्वेकडे सरकलेली असते त्यामुळे पुढची चक्कर शेजारच्या पट्ट्यावरून जाते, आणि पट्टा जवळजवळ २,९०० किलोमीटर रुंद, म्हणजे दिवसभरात सगळी पृथ्वी झाडून होते, दोन्ही ध्रुवांसकट. एका अंगणात झाडू मारताना आपण जसं थोडं थोडं बाजूला सरकत जातो तसंच, फक्त इथे झाडणारा सरळ जातोय आणि अंगण सरकतंय.

आणि यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे कक्षेचा कल. ती बरोबर ९० अंशांची नाही, ९८-९९ अंशांची आहे, मुद्दाम. पृथ्वी विषुववृत्तापाशी थोडी फुगीर आहे, त्या फुगवट्याच्या ओढीमुळे कक्षेची पातळी रोज साधारण एक अंश वळते, म्हणजे वर्षात एक पूर्ण फेरी, म्हणजे सूर्याच्या बरोबरीने. त्यामुळे उपग्रह कुठल्याही गावावरून रोज साधारण त्याच घड्याळाच्या वेळेला जातो, आजच्या चित्रातली सावली आणि उद्याच्या चित्रातली सावली सारखी, तुलना करता येते. पृथ्वीच्या आकारातला दोष वापरून फुकटात घड्याळ जुळवलंय, इंधनाचा थेंब न घालवता. नोआ-१९ सुरुवातीला दुपारी दीड-दोनच्या सुमाराला यायचा. मात्र कक्षा परत जागेवर आणायची सोय त्यात नव्हती म्हणून वर्षागणिक ती वेळ सरकत गेली, मी ऐकायला लागलो तेव्हा तो दुपारचा राहिलेलाच नव्हता, सकाळी एकदा आणि संध्याकाळकडे एकदा असा भेटायचा.

आता ऐकायचं कसं. आमच्या बाजारपेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानातून अॅल्युमिनियमच्या दोन सळ्या आणल्या, प्रत्येकी साधारण ५३ सेंटीमीटर, त्या एका वायरिंगच्या कनेक्टरमध्ये १२० अंशाच्या कोनात बसवल्या, पीव्हीसी पाइपवर आडव्या बांधल्या, खाली टीव्हीची कोॲक्स केबल आणि तिचं दुसरं टोक टीव्ही बघायच्या यूएसबी डोंगलमध्ये जो थोड्या सॉफ्टवेअरने रेडिओ होतो. बस. नोआ-१९ ची फ्रिक्वेन्सी १३७.१ मेगाहर्ट्झ. पास, म्हणजे उपग्रहाची आपल्यावरून जायची खेप, किती वाजता आहे ते प्रोग्राम सांगतो, जास्तीत जास्त पंधरा मिनिटं मिळतात, उपग्रह क्षितिजावर आला की स्क्रीनवर खरखरीतून हळूहळू एक पट्टा उमटायला लागतो आणि मग तो आवाज. २,४०० हर्ट्झची शिट्टी आणि तिच्यात दर सेकंदाला दोन ठोके, टिक टॉक टिक टॉक, भिंतीवरच्या घड्याळासारखं. प्रत्येक ठोक्यानंतर चित्राची एक ओळ. म्हणजे आपण चित्र ऐकतोय. पहिल्यांदा स्क्रीनवर वरून खाली ओळ ओळ उतरत लंका आली, मग केरळचा किनारा, मग आपली कोकणपट्टी, तेव्हा मी आईला हाक मारून वर बोलावलं, ती म्हणाली हे आत्ताचं आहे का रे, म्हटलं हो आत्ताचं, या क्षणाचं, तो आत्ता आपल्या डोक्यावर आहे. ती वर आकाशाकडे बघत राहिली.

या पद्धतीला एपीटी म्हणतात, ती १९६३ मध्ये टायरॉस-८ या अमेरिकेच्याच जुन्या हवामान उपग्रहावर पहिल्यांदा वापरली. गरीब देशांना, जहाजांना, छोट्या विमानतळांनासुद्धा स्वस्त रिसीव्हरवर चित्र मिळावं म्हणून ती उघडी ठेवली होती, ना पासवर्ड ना पैसे, आणि साठ वर्षं तशीच उघडी राहिली. हे मला फार मोठं काम वाटतं.

आपल्याला उतरवता यायचं ते चित्र काढणारं यंत्र म्हणजे एव्हीएचआरआर. त्यात कॅमेऱ्यासारखी फिल्म किंवा सेन्सरची चौकट नसते, एक आरसा असतो जो मिनिटाला ३६० वेळा गोल फिरतो, म्हणजे सेकंदाला सहा ओळी, उपग्रह पुढे सरकतोय म्हणून ओळीखाली ओळ लागत जाते. मूळ चित्राचा बारीकपणा खाली सरळ बघताना १.१ किलोमीटर, एपीटीमध्ये तो कमी करून ४ किलोमीटर. सहा चॅनेल, त्यातले पाच एका वेळी चालू. एक लाल उजेडाचा, एक डोळ्याला न दिसणाऱ्या जवळच्या इन्फ्रारेडचा, बाकीचे बहुतेक उष्णतेकडचे. झाडाचं हिरवं पान लाल उजेड पिऊन टाकतं आणि जवळचं इन्फ्रारेड परत फेकतं, म्हणून या दोन चॅनेलची नुसती वजाबाकी-भागाकार केला की कुठे हिरवळ आहे, किती आहे ते कळतं, जगभरच्या दुष्काळाच्या नकाशांमागे हेच गणित आहे.

पण मी वेडा झालो तो चौथ्या चॅनेलमुळे, साधारण ११ मायक्रॉनचा, जो फक्त उष्णता बघतो, रात्रीही. त्यात गरम ते काळं आणि थंड ते पांढरं दाखवतात. ऊन चढल्यावरच्या पासमध्ये जमीन काळी आणि समुद्र फिका, रात्रीच्या पासमध्ये उलट, जमीन निवते आणि समुद्र तिच्यापेक्षा गडद दिसतो. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, दिवसा समुद्राकडून जमिनीकडे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे, आमचे भंडारी आणि कोळी लोक तर पिढ्यानपिढ्या त्यावरच होड्या सोडतात. त्याचं कारण मला चित्रात डोळ्यांनी दिसलं, किनाऱ्याच्या रेषेवर दिवसरात्र रंगांची अदलाबदल.

हे उष्णतेचे डिटेक्टर स्वतः गरम असले तर त्यांना स्वतःचीच उष्णता दिसेल, म्हणून ते उणे १६८ अंश सेल्सियसच्या आसपास ठेवतात, आणि त्याला कसला फ्रीज नाही, त्यांची एक बाजू फक्त काळ्या अंतराळाकडे उघडी ठेवायची, उष्णता आपोआप निघून जाते. शिवाय आरसा प्रत्येक फेरीत पृथ्वीबरोबर रिकामं अंतराळ बघतो आणि आतमध्ये ठेवलेला, तापमान माहीत असलेला एक तुकडाही बघतो, म्हणजे प्रत्येक ओळीला वजनकाटा शून्यावर आणून परत माप लावून तपासल्यासारखं. उजेडाच्या चॅनेलला मात्र अशी सोय वर नव्हती, त्यासाठी शास्त्रज्ञ लिबियाच्या वाळवंटाचा उपयोग करायचे, तिथली वाळू वर्षानुवर्षं सारखीच चमकते म्हणून.

तरीपण खरं सांगायचं तर वादळाच्या अंदाजाला सगळ्यात जास्त कामाला येणारं यंत्र चित्र काढणारं नव्हतं. ते म्हणजे एएमएसयू-ए आणि त्याच्या जोडीचं एमएचएस. ही दोन मायक्रोवेव्ह ऐकणारी यंत्रं. हवेतला ऑक्सिजन ५०-६० गिगाहर्ट्झच्या आसपास स्वतःच अगदी हलकं काहीतरी सोडत असतो, जितका गरम तितकं जास्त. आता ज्या फ्रिक्वेन्सीला हवा फार पिते तिथे खालचं काही वर पोचतच नाही, फक्त वरच्या थराचं ऐकू येतं, आणि जिथे कमी पिते तिथे खालपर्यंतचं ऐकू येतं. म्हणून एएमएसयू-एच्या १५ पैकी थोड्या थोड्या वेगळ्या १२ चॅनेलवर ऐकलं की हवेच्या उंचीप्रमाणे थरांचं तापमान निघतं, थर्मामीटर न सोडता. एमएचएस तसंच वाफेचं करायचं, पाच चॅनेलवर, मुख्यतः १८३ गिगाहर्ट्झपाशी, आणि ते युरोपच्या युमेटसॅट या उपग्रह संस्थेने दिलं होतं. एचआयआरएस नावाचं तिसरं यंत्र हेच काम इन्फ्रारेडमध्ये २० चॅनेलवर करायचं. पण इन्फ्रारेड ढगाला अडतं आणि मायक्रोवेव्ह बऱ्याच ढगातून पार येतं, आणि वादळ म्हणजे ढगच ढग. चक्रीवादळाच्या पोटात मध्यभागी वरच्या थरात हवा आजूबाजूपेक्षा गरम असते, ती गरम गाभ्याची गाठ किती मोठी त्यावरून वादळाचा जोर कळतो, आणि ती गाठ वरून दिसते ती या मायक्रोवेव्हला.

मग हे इन्सॅटवरच का नाही बसवत, असा प्रश्न मला पडला होता. उत्तर अंतरात आहे. मायक्रोवेव्हची लहर लांब, ३६,००० किलोमीटरवरून बारीक बघायचं तर अँटेना अवाढव्य लागेल, ८७० वरून छोट्याने भागतं. म्हणून टांगलेला उपग्रह सतत बघतो आणि फिरणारा खोल बघतो, दोन्ही लागतात, आणि नोएडाच्या एनसीएमआरडब्ल्यूएफ या हवामान अंदाजाच्या केंद्रामध्ये आपल्या देशाचं अंदाजाचं मॉडेल चालतं त्यात या फिरत्या उपग्रहांची मापं रोज जातात. निसर्गच्या वेळी आमच्यापर्यंत जो इशारा आला त्याच्यात अशा उपग्रहांचा हिस्सा होता हे समजलं तेव्हा मला बरं वाटलं, कोणाचे आभार मानायचे ते कळलं.

मे २०२१ मध्ये तौक्ते आलं. तेव्हा अँटेना तयार होती. ते गुजरातकडे सरकत कोकणाला समांतर वर चाललं होतं, माझ्या उष्णतेच्या चित्रात समुद्रावर एक पांढरं भोवऱ्यासारखं चाक आणि त्याच्या पूर्वेच्या कडा आमच्या किनाऱ्यावर. चित्रात खरखरीच्या आडव्या रेघा होत्या कारण वाऱ्याने अँटेना हलत होती. ज्या वाऱ्याने ती हलत होती तोच वारा चित्रात होता. मी ते चित्र गावातल्या ग्रुपवर टाकलं, सोबत लिहिलं की अंदाज हवामान खात्याचाच बघा, हे फक्त बघायला. आईने त्या दिवशी दोनदा विचारलं, आपल्यावर येतंय का रे. नाही म्हणालो, बाजूने जातंय, पण वारा राहील. रात्री आम्ही सगळे स्लॅबखाली झोपलो.

बाकीची यंत्रं थोडक्यात. एसबीयूव्ही/२ ओझोन मोजायचं, खाली सरळ बघून सूर्याचा अतिनील उजेड हवेतून किती परत येतो त्यावरून, युक्ती तीच, जी लहर जास्त प्यायली जाते ती वरचाच थर दाखवते. एसईएम-२ हे खाली बघतच नव्हतं, ते उपग्रहाभोवती येणारे प्रोटॉन-इलेक्ट्रॉन मोजायचं, सौर वादळांसाठी.

उरली दोन, आणि ही हवामानाची नाहीतच. एक फ्रेंच, अर्गोस. समुद्रात तरंगणाऱ्या बोयांवर, प्राण्यांवर लावलेले छोटे ट्रान्समीटर ४०१.६५ मेगाहर्ट्झच्या आसपास क्षणभर बोलतात, वरून जाणारा उपग्रह ते ऐकून घेतो. आमच्याकडच्या लोकांना हे वाचून आश्चर्य वाटेल पण जानेवारी २०२२ मध्ये वेळासला एका ऑलिव्ह रिडले कासवीच्या पाठीवर असाच ट्रान्समीटर लावला होता, तिचं नाव प्रथमा, आणि आंजर्ल्याला दुसरी, सावनी. आंजर्लं आमच्यापासून गाडीने तासाभराच्या आतच. भारतीय वन्यजीव संस्था आणि राज्याचं कांदळवन प्रतिष्ठान यांचं ते काम. कासवी श्वास घ्यायला वर आली की जे दोन-चार क्षण मिळतात तेवढ्यात सिग्नल जायला हवा आणि तेव्हा वर कोणीतरी ऐकणारा हवा. ऐकणाऱ्यांच्या त्या ताफ्यात नोआचे उपग्रह होते, युरोपचे मेटॉप होते आणि इस्रोने २०१३ मध्ये सोडलेला सरलसुद्धा. तेव्हापासून गच्चीवर पास घेताना माझ्या मनात हमखास यायचं की मी त्याच्याकडून चित्र घेतोय त्याच वेळी समुद्रात कुठेतरी प्रथमा डोकं वर काढत असेल आणि तिचंही तो ऐकत असेल.

दुसरं यंत्र शोध आणि सुटकेचं. जहाज बुडतंय, विमान पडलंय, अशा वेळी ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन, म्हणजे मदत मागणारा छोटा ट्रान्समीटर, सुरू होतो आणि उपग्रह तो पकडून जमिनीवर कळवतो. कॉस्पास-सारसॅट नावाची ही व्यवस्था अमेरिका, सोव्हिएत रशिया, कॅनडा आणि फ्रान्स यांनी १९७९ मध्ये मिळून ठरवली, शीतयुद्धाच्या ऐन दिवसांत, आणि १९८२ मध्ये कॅनडात पडलेल्या विमानातले तिघे त्यामुळे पहिल्यांदा सापडले. भारतही त्यात आहे, आपली ऐकणारी स्टेशनं बंगळूर आणि लखनौला.

या उपग्रहाचा जन्मही सरळ झाला नव्हता. सोडण्याआधी त्यांना अक्षराचं नाव असतं, वर पोचल्यावर आकडा मिळतो, हा होता एन-प्राइम. ६ सप्टेंबर २००३, शनिवार, कॅलिफोर्नियातल्या सनीवेलमध्ये लॉकहीड मार्टिनच्या कारखान्यात त्याला गाड्यावर आडवा करत होते आणि तो गाड्यावरून घसरून सुमारे तीन फुटांवरून काँक्रीटच्या जमिनीवर पडला. कारण, उपग्रह ज्या पट्टीवर बसतो ती गाड्याला धरून ठेवणारे २४ बोल्ट तिथे नव्हतेच. दुसऱ्या टीमने दुसऱ्या उपग्रहाच्या कामासाठी ते काढून नेले होते, नोंद केली नव्हती, आणि या टीमने कागदावर तपासलं अशी सही केली पण हात लावून बघितलं नाही. चौकशी अहवालात हे सगळं स्वच्छ लिहिलेलं आहे. मी स्वतः मोटार वायंडिंगचं आणि पंप बसवायचं काम करतो, हे वाचल्यापासून विहिरीत पंप सोडायच्या आधी प्रत्येक नटाला पाना लावल्याशिवाय मी दोर सोडत नाही, आधी कोणी आवळला असं कितीही सांगितलं तरी. दुरुस्तीला साडेतेरा कोटी डॉलर लागले. ६ फेब्रुवारी २००९ ला तो शेवटी वर गेला, टायरॉस घराण्यातला शेवटचा. दोन वर्षं चालेल असा हिशोब होता, साडेसोळा वर्षं चालला.

नोआ-१८ जून २०२५ मध्ये बंद झाला. मग ऑगस्टमध्ये १९ आणि १९९८ पासून चाललेला म्हातारा १५, दोन्ही गेले, आणि त्याबरोबर एपीटीही. काम थांबलं नाहीये, नोआ-२० आणि २१ आहेत, त्यांची यंत्रं खूप बारीक बघतात, पण त्यांचं ऐकायला फिरणारी डिश लागते, दोन सळ्यांचं काम नाही. त्याच सळ्यांवर रशियाचे मेटिऑर-एम एन२-३ आणि एन२-४ येतात, १३७.९ मेगाहर्ट्झ, डिजिटल, चित्र नोआपेक्षा कितीतरी स्वच्छ. नव्याने सुरू करणाऱ्यांनी तिथून करावं. त्यात टिक टॉक नाही, नुसती सपाट खरखर ऐकू येते, त्यामुळे आवाजावरून काही कळत नाही, स्क्रीनकडेच बघायचं.

माझ्याकडे नोआ-१९ च्या एका शेवटच्या-शेवटच्या सकाळच्या पासचं कच्चं रेकॉर्डिंग आहे, नुसता आवाज नाही, सगळा सिग्नल जसाच्या तसा. गणपतीत भाचा आला होता, अकरावी सायन्सला आहे, त्याने विचारलं मामा त्या बुडणाऱ्या जहाजाची जागा उपग्रहाला कशी कळते, जीपीएस नसलं तरी. मी ते रेकॉर्डिंग लावलं. उपग्रह आपल्याकडे येताना त्याची फ्रिक्वेन्सी साधारण तीन किलोहर्ट्झने वर दिसते आणि लांब जाताना तेवढीच खाली, गाडीचा हॉर्न जवळ येताना आणि पुढे गेल्यावर बदलतो तसं, स्क्रीनवर त्याची एक लांबट वळणाची रेघ उमटते. सुरुवातीला जवळजवळ सरळ, मध्ये झपकन वळते, परत सरळ. ज्या क्षणाला ती सगळ्यात वेगाने वळते त्या क्षणाला उपग्रह सगळ्यात जवळ, आणि वळण जितकं तीव्र तितका तो आपल्या डोक्यावरून गेला, सावकाश असेल तर बाजूने. म्हणजे वेळ आणि अंतर दोन्ही एका रेघेत. उपग्रह कुठे आहे हे माहीत असेल तर उलट्या बाजूने तोच हिशोब करून बीकन कुठे आहे ते निघतं, कासवीचंही तसंच काढतात. उजवीकडे की डावीकडे एवढं एका पासमध्ये नक्की होत नाही, ते पुढच्या पासला मिटतं. भाच्याने रेघेवर बोट ठेवून वळणाचा मध्य शोधला, सेकंद लिहून घेतला, मग पासच्या वेळापत्रकातला सगळ्यात उंचीचा क्षण काढून बघितला. तीन सेकंदांचा फरक आला. त्याने वही पुढे ओढली आणि म्हणाला दुसरा पास लाव.